गुराबेवरचा झेंडा

“झेंडा सगळ्यात शेवटी, खुर्शिद. आधी लावलास तर हात घाई करतो.”

अब्बांचा आवाज कानात होता आणि चिमटीत घोड्याच्या शेपटीचा केस. खुर्शिदनं तो डोलकाठीच्या भोकातून ओवला, गाठ मारली आणि उरलेलं टोक दातानं तोडलं. गुराब पुरी झाली. वीतभर लांबीचं लढाऊ जहाज ते. पुढचं टोक म्हणजे चोचीसारखी नाळ, दोन डोलकाठ्या, खळ घातलेल्या मलमलीची टम्म शिडं, कडेला टाचण्यांच्या डोक्यांच्या तोफा. आणि वर झेंडा. तो मात्र शेवटी लागला नव्हता.

तिचे अब्बा मेहमूद टांगे रंगवायचे. त्यांच्या हातच्या वेलबुट्ट्या अंगावर मिरवत शिरूरचे टांगे घोडनदीच्या पुलावरून दौडायचे. जहाजं करायची ती दौंडच्या सोपानरावांसाठी. सोपानराव महायुद्धात बोटीवर होते, आता रेल्वेच्या मालधक्क्यावर. रविवारी त्यांच्या घरी समुद्री लढाईच्या खेळासाठी टेबलावर निळं कापड अंथरलं जाई. एका बाजूला आंगऱ्यांचं आरमार, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचं. फासे पडायचे, जहाजं सरकायची, बुडायची. अब्बा नवं जहाज पोचवत, भिंतीशी उभ्यानं चहा पीत आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत येत.

अब्बांनी अंथरूण धरलं तेव्हा या गुराबेचा नुसता सांगाडा झाला होता. एका सकाळी त्यांनी ब्रश मागितला. पत्र्याच्या कपट्यावर भगवा रंग दिला आणि तो उघड्या काठीवर बसवला. जन्मभर पाळलेला नियम मोडताना त्यांनी लेकीकडं पाहिलं नाही.

“ही कुणाच्या हाती द्यायची न्हाई,” एवढंच म्हणाले. “ही तू लढवायची. टेबलाला बसून.”

“व्हय अब्बा.”

त्याच आठवड्यात अब्बा गेले. त्याला आता तीन महिने झाले होते.

गुरुवारी सोपानराव स्वतःच जहाज न्यायला आले. ओसरीवर बसले, गुराब उजेडात धरली आणि एकदम हसले.

“मेहमूदमियांनी शेवटपर्यंत टांग्याचाच झेंडा लावला म्हणायचा!”

“म्हंजी?” दाराआडून खुर्शिदनं विचारलं.

“अगं पोरी, टांगा पळतो तवा झेंडा मागं उडतो. जहाजाला वारा ढकलतो. शिडं पुढं फुगली म्हंजी वारा मागनं आला, मग झेंडाबी पुढंच उडणार. ह्यो मागं कसा? दर खेपंला मी आपला गपचिप बदलून घ्यायचो.” त्यांनी खिशातून दाढीचं ब्लेड काढून चौरंगावर ठेवलं. “हेनं खरवडून काढ. दुसरा लाव. मी थांबतो.”

खुर्शिदनं ब्लेडला हात लावला नाही. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती उंबऱ्याबाहेर आली.

“थांबू नका मामा. रविवारी मीच घेऊन येईन. आन् लढवणार बी मीच.”

खाटेवर बसलेला तिचा थोरला भाऊ अयुब ताडकन उभा राहिला. सोपानरावांनी त्याला हातानंच बसवलं.

“घडवणारा येगळा, लढवणारा येगळा. तुजे अब्बा कवा टेबलाला बसले न्हाईत.”

“बसले न्हाईत, का कुणी बसा म्हणलं न्हाई?”

सोपानरावांनी हातातली चहाची बशी उगीचच दोनदा पुसली. शेवटी म्हणाले, “ज्या जहाजाला वारा कळत न्हाई, ते माझ्या समुद्रात उतरायचं न्हाई. झेंडा आन् शिडं एका वाऱ्याची करून आण, खुर्ची देतो. माझा शबुद.”

“आन् वारा पुढनं असला तर? तवा जहाजं काय करत्यात?”

“तवा शिडं आडवी ठेवून भागत न्हाई. जहाजाच्या लांबीत ताणून घ्यायची आन् तिरकं तिरकं वाऱ्यावर चढायचं. लई जिकिरीचं. तसं लढाईत कोण शाणा उतरतो?”

ते गेले. ब्लेड चौरंगावरच राहिलं.

“खरवड आन् दे मोकळी करून,” अयुब म्हणाला. “मीच पोचवतो. पोरीच्या जातीनं दौंडला जाऊन फासे खेळायचे? जमात काय म्हणंल?”

“अब्बा गेल्यावर मी जहाज हाती घेतलं तवा जे म्हणाली, तेच. दोन दिवस म्हणंल आन् गप बसंल.”

“मी येणार न्हाई सोबत.”

“नको येऊस.”

तिनं गुराब मांडीवर घेतली. झेंड्याच्या कडेला रंग किंचित ओघळला होता. अब्बांचा ब्रश उभ्या आयुष्यात कधी ओघळला नव्हता. तिनं त्या ओघळावर बोट ठेवलं, उचललं. मग सुईनं एकेक गाठ सोडवायला लागली. झेंड्याची नव्हे, शिडांची.

शेजारची कुशाबाई मेंढीच्या लोकरीचं सूत कातत येऊन बसली.

“अगं बाई! झालेलं उसवतीस व्हय?”

“शिडं फिरवते, मावशे. वारा पुढनं घेतला.”

“झेंडा फिरवला असता तर? एवढुसा तर हाय.”

“त्यो न्हाई फिरवायचा.”

कुशाबाईनं झेंड्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं आणि चातीला गिरकी दिली. “मग मी येते रविवारी. माजा खंडोबाचा उपास असतोय, वाटंत खाण्याचं लचांड न्हाई. कोण काय बोललं तर मी हाय की. मेंढरं वळलीत जल्मभर, माणसं काय चीज!”

मलमल भिजवली, फुगवटा मोडला, नव्यानं खळ दिली. शनिवारी शिडं जहाजाच्या लांबीत तिरकी, ताठ ताणून बसली. गुराब आता आधीसारखी ऐटबाज दिसेना. खांदा पुढं करून गर्दीत शिरणाऱ्या माणसासारखी, एका अंगावर कललेली दिसायला लागली. झेंडा होता तिथंच होता. नाळेकडून येणाऱ्या वाऱ्यानं मागं उडालेला.

रविवारी फजरची नमाज झाली. खुर्शिदनं दुआ नेहमीपेक्षा लांबवली नाही. बुट्टीत भुस्सा घालून त्यात गुराब बसवली, शिडांची खळ सुटू नये म्हणून वर कोरडं फडकं टाकलं. अयुब भिंतीकडं तोंड करून झोपल्यासारखा पडला होता. त्याची एस.टी.ची खाकी टोपी खुंटीवर होती.

“न्हावऱ्यावरनं दौंडला जाणारी गाडी पयल्या फलाटाला लागती,” तो भिंतीलाच म्हणाला. “डायवरच्या मागं बस. हादरे कमी बसत्यात.”

“बरं.”

बाहेर कुशाबाईची हाक आली. खुर्शिद बुट्टी घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली आणि मागं वळली. चौरंगावरचं ब्लेड तिनं कागदात नीट गुंडाळलं आणि कनवटीला खोचलं. ज्याचं त्याला परत द्यायला हवं होतं.