ओट्यावर बसलेली आशाताई

शिरूरहून न्हावऱ्याला परतणारी एसटी. खिडकीपाशी राजश्री.

डोक्यात गावातली शितल: तिचं हिमोग्लोबिन साडेसहा.

तिच्या नवऱ्याची रांजणगावच्या कंपनीतली फर्स्ट शिफ्ट तीनला सुटते.

"लोकांच्या घरी गेल्यावर तुम्ही बसता कुठं?"

हा प्रश्न अनुपमा मॅडमचा. शिरूरच्या कुटुंबकल्याण प्रशिक्षणात त्यांनी तो अकरा वर्षं आशाताई असलेल्या राजश्रीला विचारला होता.

"चुलीपाशी, बायकांत."

"आणि पुरुष?"

"आम्ही आलो की ते उठून जातात."

"म्हणजे अर्ध्याच कुटुंबाशी बोलता की!"

राजश्री एसटीतून उतरली ती थेट शितलच्या घरी गेली. शितलला दोन लेकरं. तिचा नवरा ज्ञानेश नुकताच कामावरून आला होता. आशाताई दिसताच त्यानं सवयीनं गाडीची किल्ली उचलली.

"भाऊ, बसा. आज तुमच्याकडंच आलेय," म्हणत राजश्रीनं ओट्यावर बैठक मारली.

"आगं बया! त्याच्याशी काय बोलायचं?" सासू धुरपदा म्हणाली. "शुक्रवारच्या शिबिरात सूनबाईचं नसबंदीचं ऑपरेशन उरकून टाक."

"मामी, मागच्या शिबिरातनं तिला रक्त कमी म्हणून परत धाडलं. बाईच्या पोटाला चीर द्यावी लागती. गड्याच्या नसबंदीला टाका बी न्हाई. पंधरा-वीस मिनिटं, दोन दिवस आराम, आठवडाभर जड उचलायचं न्हाई."

"न्हाई गं! आठ तास मशिनीवर उभा ऱ्हातो त्यो. अशक्तपणा आला म्हंजी?"

"येत न्हाई. ताकद जात न्हाई, मर्दानगी बी न्हाई."

"कंपनीत पोरं हसतील," ज्ञानेश पुटपुटला.

"हसू द्या की!" दारातून शितल बोलली. "मी हांडा घेऊन चक्कर येऊन पडले, तवा कोण हसलं व्हतं?"

ज्ञानेश ओट्यावर टेकला. राजश्रीनं हळूच विचारलं, "मामी, तुमच्या ऑपरेशननंतर किती दिवस आराम केला?"

 धुरपदानं समोरच्या उसाकडं बघितलं.

"ज्ञान्या," ती एकदम म्हणाली, "रजा टाक!"

ज्ञानेशनं किल्ली खुंटीला अडकवली. "टाकतो, आई. ताई, पुढं काय करायचं ते नीट सांगा."

"ऑपरेशन झालं की तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्याची तपासणी. आन् शितल, तू तोवर रक्ताच्या गोळ्या चुकवायच्या न्हाईत."

बंधूंनो, लेकरं दोघांची, तर पुढची जबाबदारी एकटीच्याच पोटावर का? आशाताई दारात आली, तर उठून जाऊ नका. बसा, विचारा, आपलाही वाटा उचला!

धुरपदाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. चौथ्या दिवशी ती उसाच्या खुरपणीला गेली.