बेबीचं टेबल

"तारांवर हात ठेवा."

"ठेवला."

"गुणगुण थांबली?"

"कुठली थांबतेय! उलट वाढल्यासारखी वाटतेय."

"आता तो हात काढा आणि वायर जिथे खुपसलीय तिथल्या धातूच्या कडीला बोट लावा."

जावईबापूंनी बोट लावले आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून मघापासून येत असलेली घूंऽऽ गपकन बंद झाली. बोट काढले की सुरू, लावले की बंद. लहान मुलाला खेळणे सापडावे तसे ते दोन-चारदा करून बघत राहिले.

"सापडलं ना?" त्यांनी विचारले.

मिस्त्रीला सापडले होते. सापडले नसते तर बरे झाले असते, असे त्याला वाटले. बास गिटारच्या आत, मागच्या झाकणाखाली, एक कप्पा असतो. बटणांच्या वायरी त्यात असतात आणि त्याच्या भिंतींना एक खास काळा रंग लावलेला असतो. हवेतली सगळी विजेची कुरकुर तो रंग स्वतःवर घेतो, आवाजापर्यंत पोहोचू देत नाही. तारांकडून येणारी बारीक वायरही त्या रंगावरच स्क्रूने बसवलेली असते. रंग सुटला की वायर लोंबकळते आणि बास गुणगुणायला लागतो. म्हणजे झाकण उघडायचे, रंग खरवडायचा आणि नव्याने लावायचा. काम साधे होते. पण रंगाखाली लाकूड होते, आणि ते लाकूड या माणसाच्या नजरेला पडता कामा नये अशी मिस्त्रीने वर्षभर काळजी घेतली होती.

"ठेवून जा," तो म्हणाला. "सकाळी या न्यायला."

"सकाळी तालीम आहे, दादा. उद्या तिच्या आठवणीचा कार्यक्रम. बसतो की मी इथेच. मला कुठे घाई आहे?"

घाई त्यांना जन्मात कधी नव्हती.

मिस्त्री बास गिटार बनवायचा. फक्त बास; सहा तारांच्या साध्या गिटारी घेऊन कुणी आले तर तो नाक मुरडायचा. घरामागच्या खोलीत त्याचे काम चाले आणि खोलीच्या तीन भिंतींना फळ्या उभ्या असत. गिऱ्हाईक आले की तो एकेक फळी दोन बोटांत लटकती धरून दुसऱ्या हाताच्या पेराने ठोकायचा, कानाशी न्यायचा, आणि मग म्हणायचा, "ही नको तुम्हाला. ही फार बोलते." बास वाजत असतो तेव्हा कुणाचे लक्ष नसते आणि थांबला की सगळ्यांना काहीतरी हरवल्यासारखे वाटते, म्हणून हे वाद्य त्याला आवडायचे. आपल्या बहिणीचा नवराही तेच वाजवतो, एवढी एकच गोष्ट त्याला त्यात खटकायची.

बहीण त्याच्याहून बरीच लहान. तिला सगळे बेबीच म्हणायचे, केस पांढरे झाले तरी. तिने या माणसाशी लग्न केले तेव्हा मिस्त्रीने आदळआपट केली नाही, पण त्या दिवसापासून तो त्यांना जावईबापू म्हणू लागला, आणि त्या शब्दात मान किती आणि टोमणा किती हे घरात सगळ्यांना कळायचे. जावईबापू हॉटेलांत वाजवायचे, समारंभांत वाजवायचे, आणि पुष्कळदा कुठेच वाजवायचे नाहीत. घर बेबीच्या शिवणावर चालायचे.

त्या शिवणासाठी तिला टेबल हवे होते. मिस्त्रीकडे अक्रोडाची एक फळी होती, एका जुन्या पेढीच्या गल्ल्याची, हातभर रुंद, एकसंध, कॉफीच्या रंगाची. ठोकली की खोल विहिरीत काहीतरी पडल्यासारखा आवाज यायचा. बासवाल्यांनी तिच्यासाठी त्याच्या किती मिनतवाऱ्या केल्या, पण त्याने ती बेबीच्या टेबलासाठी राखली होती. त्यावर जावईबापू म्हणाले, "माझ्या घरातलं टेबल मी आणीन." आणि त्यांनी आणलेही. बेबीचा फोन आला, "दादा, अख्खं सागवानी आहे! उचलायला चार माणसं लागली." फळी पुन्हा भिंतीला उभी राहिली. दिली तर बेबीला, नाहीतर कुणालाच नाही, असे त्याचे आपले चालले होते.

टेबलावर नेहमी कापडांचा ढीग असायचा. एकदा सवयीने तो ठोकून बघायला गेला तर बेबीने हातावर चापट मारली. "तुझी खोड जाणार नाही. उद्या माणसंही वाजवून बघशील!"

ती गेली त्यानंतर महिन्याभराने जावईबापू टेम्पोतून टेबल घेऊन दारात हजर. म्हणाले, "तिची शेवटची इच्छा होती. याचा बास करायचा." मिस्त्री त्यांच्यासमोर रडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्या माणसाबद्दल माया वाटली. मग एकटा असताना त्याने टेबलाला करवत लावली आणि आतून भुसा आला. डिंकात दाबून केलेल्या भुशाची फळी, आणि वर चिकटवलेला सागवानाचा कागदाएवढा पापुद्रा.

तो किती तरी वेळ त्या भुशाकडे बघत बसला. दुकानदाराने यांना फसवले, दुसरे काय! या माणसाला लाकडातले ओ की ठो कळत नाही. आणि बेबी बिचारी शेवटपर्यंत सागवानी सागवानी म्हणत त्यावर वाकून शिवत राहिली. तिच्या आयुष्यात मिरवण्यासारखे होते काय, तर हे टेबल, आणि तेही खोटे. हे कुणाला कळू द्यायचे नाही, असे त्याने ठरवले. ओले फडके आणि गरम इस्त्री फिरवून त्याने तो पापुद्रा अलगद सोडवला, कात्रीच्या ओरखड्यांसकट, इस्त्रीच्या डागासकट. मग भिंतीची अक्रोडाची फळी काढली, बासच्या आकारात कापली आणि तिच्या तोंडावर तो पापुद्रा चढवला. पाठ आणि कडा रंगवल्या. आतल्या कप्प्यालासुद्धा आधी सागवानी झाकेचा तेलरंग फासला, उगाच कुणी डोकावले तर दिसू नये म्हणून, आणि त्यावर काळा रंग मारला. तेलावर तो रंग धरत नाही, हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. पण लपवायची घाई माणसाला आपलाच धंदा विसरायला लावते.

बायकोला तेवढे त्याने सांगितले होते. ती म्हणाली, "सांगून टाका त्यांना. मोठी माणसं आहात दोघं." त्याने ऐकले नाही.

आणि बास वाजू लागला तो असा, की जावईबापूंचे नशीबच उघडले. ते स्टेजवर उभे राहून सांगायचे, "हे माझ्या बायकोचं शिवणाचं टेबल आहे. हा आवाज तिचा आहे." बायाबापड्या डोळे पुसायच्या. पूर्वी फोन न उचलणारे लोक बोलावू लागले. जी हयातभर यांच्यासाठी मान मोडून शिवत होती, ती मेल्यावरही यांनाच पोसत होती. हे ऐकून मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण बेबीची लाज आपल्या हातात आहे, या एका गोष्टीवर तो तग धरून होता.

आता बास त्याच्यापुढे पालथा पडला होता आणि जावईबापू स्टूल ओढून अगदी टेकून बसले होते.

"जरा आत जाऊन चहाचं सांगता का?" मिस्त्री म्हणाला.

ते गेले तशी त्याने भराभर झाकणाचे स्क्रू काढले. रंगाचे पापुद्रे सुटून कप्प्यात पडले होते. त्याने बटणांचा गुंता उचलून बाजूला केला आणि पातळ पटाशीने खरवडायला घेतले. काळा रंग निघाला, त्याखालचा तेलरंग निघाला, आणि खाली अक्रोड दिसला, होता तसाच, गडद आणि शांत. एक बाजू झाली. दुसरी होईपर्यंत माणूस आत रमेल असा त्याचा हिशेब होता. पण वहिनीशी गप्पा मारत बसणाऱ्यांतले ते नव्हते. दोन्ही हातांत कप घेऊन ते कधी मागे येऊन उभे राहिले, मिस्त्रीला कळलेच नाही.

"अक्रोड ना हा?"

मिस्त्रीचा हात थांबला.

"तीच फळी? बेबीसाठी ठेवलेली?"

"टेबलाला कीड लागली होती," मिस्त्री म्हणाला. खोटे बोलायची सवय नसल्यामुळे त्याचा आवाज चढला. "आतून पोखरलं होतं. वरचं तेवढं वाचलं, ते लावलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

जावईबापूंनी कप कामाच्या टेबलावर ठेवले, सांडणार नाहीत असे, नीट.

"दादा, राहू द्या. भुसा होता तो. मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"घेतलं तेव्हापासून. तेवढंच परवडत होतं."

"आणि तिला सागवानी म्हणून सांगितलंत!" मिस्त्रीने पटाशी खाली आपटली. "मरेपर्यंत फसवलंत तिला!"

"तिला?" जावईबापू खरेच गोंधळले. "ती बरोबर होती की दुकानात. तिनेच पसंत केलं. म्हणाली, वरून छान दिसतंय."

खोलीत स्पीकरची घूंऽऽ नव्हती, तरी मिस्त्रीला ती ऐकू येऊ लागली.

"मग मला फोनवर..."

"तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी फळी घेऊन दारात उभे राहिला असतात. आणि मला जन्मभर ऐकवलं असतंत. ती म्हणाली, दादाला सागवानी सांगते, तो विषय संपला."

हातावर बसलेली चापट मिस्त्रीला आठवली. वर्षानुवर्षे तिने त्या टेबलावर कापडांचा ढीग ठेवला होता तो त्याच्यासाठी.

"बरं, माहीत होतं," तो म्हणाला. "मग भुशाचं टेबल माझ्याकडे बास करायला कशाला आणलंत? भुशाचा बास होतो का कुठे? वेड्यात काढायला आणलंत मला?"

जावईबापूंनी इस्त्रीचा डाग असतो तिथे, बासच्या पालथ्या बाजूने, हात ठेवला.

"तिनेच सांगितलं. दवाखान्यात. माझा जुना बास निकालात निघाला होता, आणि ती नसली की मी खाणार काय ही तिला काळजी. म्हणाली, टेबल दादाकडे न्या. माझी इच्छा म्हणून सांगा. तो कापेल, बघेल, आणि कुणाला बोलणार नाही. आणि मग ती फळी काढेल."

"असं म्हणाली?"

"'काढेलच' म्हणाली. हसलीसुद्धा. त्या दिवसांत तेवढंच हसली."

मिस्त्री स्टुलावर बसला. वर्षभर तो समजत होता की आपण बहिणीची लाज राखतोय. आणि ती खाटेवर पडल्या पडल्या त्याला पुरता ओळखून, त्याच्या मायेचे नेमके माप घेऊन, त्याच्याकडून नवऱ्यासाठी फळी काढून घेऊन गेली होती. या माणसाला सगळे ठाऊक होते. मरतानाही ती या माणसाच्याच बाजूला बसून भावाबद्दल बोलत होती. त्याला तिचा राग आला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच आला, आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

"सरळ मागायची होती," तो म्हणाला. "माझ्याकडे मागायला लाजायची काय गरज होती? दादा, यांना एक बास करून दे, म्हणायचं."

"दिला असतात?" जावईबापूंनी विचारले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते. "ती फळी? मला?"

मिस्त्रीने तोंड उघडले. 'दिला असता' हे दोनच शब्द होते आणि ते म्हणायला ऐकणारा तयार होता. कदाचित म्हटले असते तर त्याने ते मानलेही असते. पण याच माणसाच्या जुन्या बासचा साधा स्क्रू फिरवायला त्याला कधी वेळ झाला नव्हता. बेबी दोनदा येऊन सांगून गेली होती आणि दोन्ही वेळा तो म्हणाला होता, बघू.

तो मिटल्या तोंडाने उठला. उरलेली बाजू खरवडली. या वेळी घाई केली नाही. बारीक कागदाने कप्पा घासला, स्पिरिटच्या फडक्याने तेलाचा शेवटचा अंशही पुसला आणि फुंकर मारली. आतून अख्खा अक्रोड उघडा पडला होता. तो तसाच ठेवून झाकण लावावे आणि बास यांच्या अंगावर टाकावा, असे त्याच्या मनात येऊन गेले. पण बिनरंगाचा बास उद्या स्टेजवर गुणगुणला असता, आणि गुणगुणणारा बास या खोलीतून आजवर बाहेर पडला नव्हता. त्याने काळ्या रंगाचा डबा उघडला.

"मी बाहेर थांबू का?" जावईबापू म्हणाले.

"बसा. फक्त उजेड अडवू नका."

ते सरकून बसले. चहावर साय धरली होती. कुणी कपाला हात लावला नाही.

"उद्या याल ना कार्यक्रमाला?"

"बघू," मिस्त्री म्हणाला, आणि म्हणता क्षणी त्याला तो शब्द परत घ्यावासा वाटला.

"मी स्टेजवर तेच सांगणार आहे, दादा. टेबलाचं. दुसरं काही मला सांगता येत नाही."

मिस्त्रीने मान हलवली. ब्रश भिंतीवरून, तळावरून, वायरीच्या भोकाभोवतीने फिरत गेला. शेवटी कोपऱ्यात बोटभर अक्रोड उघडा राहिला. त्याने त्यावर अंगठा टेकवला, क्षणभरच. मग ब्रश पुन्हा डब्यात बुडवला आणि तेवढाही झाकून टाकला.