तळ लागला नाही

मी थोआच्या होडीवरचा बांबू. नदीच्या तळाला हात लावायचा आणि वर यायचं, यातच माझा जन्म गेला.

देवळामागच्या बनात मी वाढलो. थोआच्या सासऱ्यांनी मला तोडलं, तेसुद्धा आधी बनाला हात जोडून. मग कीड लागू नये म्हणून मला पावसाळाभर तळ्याच्या चिखलात पुरलं. जीव गुदमरला, पण चिखल ओळखायला मी तिथेच शिकलो. मऊ कुठला, चिकट कुठला, वाळूचा कुठला, हे मला टोकावर कळतं.

सासरे माझ्यावर छाती टेकून होडी रेटायचे. टरबुजं, अननस, रताळी, सारं माझ्या जोरावर बाजाराला गेलं. पुढे मोटर आली आणि मी होडीच्या कडेला आडवा पडलो. सासरे वारले. नवरा शहरातल्या कारखान्यात लागला, तशी होडी थोआनं हाती घेतली. पहाटे पाहुण्यांना बसवायचं आणि पाण्यावरचा बाजार दाखवून आणायचा. घरामागच्या घाटावरून होडी ढकलताना आणि बाजाराच्या दाटीत शिरताना तिला मी लागायचो. रोज तेवढी सेवा घडली तरी मला पुरे होती.

पण वरच्या वळणावर वाळू उपसणाऱ्या बोटी आल्या आणि तळावरची चिखलाची साय पातळ होत गेली. पाणी निवळ दिसू लागलं. पाहुणे म्हणायचे, "किती सुंदर!" मला मात्र ते पाणी भुकेलं, काठाची माती खायला टपलेलं वाटायचं.

त्या दिवशी पौर्णिमा होती. अजून अंधार होता. होडीत दा नांगहून आलेल्या दोघी बहिणी बसल्या होत्या. घराचा मागचा अर्धा भाग नदीत खांबांवर उभा, तिथूनच सासूबाईंनी आवाज दिला, "आज उपास आहे गं! बाजारात मासळीच्या शेवया चापशील आणि घरी येऊन तोंड पुसशील."

"एकदाच चुकले हो आई, किती वर्षं ऐकवाल!" म्हणत थोआनं मला पाण्यात रोवलं.

मी खाली गेलो, आणखी खाली गेलो. तिची मूठ पाण्यात बुडाली. तळ लागला नाही.

तोल सावरून ती हसली. "पुनवेची भरती!" घाटाची पायरी जलपर्णीखाली झाकलेली, पाणी किती चढलंय ते दिसत नव्हतं. तिनं मोटर सुरू केली. मला ओरडून सांगता आलं असतं तर!

बाजारात नेहमीच्या उथळ जागी थिनकाकांची टरबुजांची बोट उभी होती. "काय गं, तुझ्याआधी सूर्य आला की!" ते म्हणाले. होडी थांबवायला थोआनं मला तळात खुपसलं. चौथ्या पेरापर्यंत पाणी आलं. दर पुनवेला येतं तेवढंच.

तिनं मला उपसून पुन्हा खुपसलं. पाणी पुन्हा चौथ्याच पेराला.

"काका, आज पाणी जास्त आहे ना?"

"कुठे? दर पुनवेला असतं तेवढंच."

"मग आमच्या घाटाचा तळ कुठे गेला?"

काकांनी हातातलं टरबूज खाली ठेवलं. "सासू कुठे आहे तुझी?"

थोआनं होडी वळवली. बहिणींपैकी थोरली, खुयेन, वैतागली. "अहो बाई, आत्ता तर आलोय! शेवया तरी खाऊ द्या."

"ताई, घरी म्हातारी एकटी आहे आणि घराखालची माती गेलीये."

"मग बोलत काय बसलात? पळवा की!"

परतलो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. रस्त्याकडचं दार जमीन सरकल्यानं चौकटीत अडकून बसलं होतं, अंगणात हात जाईल एवढी भेग होती. मागचं दार उघडं. आत सासूबाई देव्हाऱ्यासमोर बसलेल्या, पूर्वजांना भात, फळं मांडलेली, उदबत्ती जळत होती.

"आई, उठा. घर जातंय."

"उदबत्ती संपू दे. पूर्वज जेवायला बसलेत. भरल्या ताटावरून उठवू त्यांना?"

"अजून अर्धी आहे हो!"

"मग तेवढं थांब."

खाली पाण्यात एक खांब कण्हला. मी ऐकलं, थोआनंही ऐकलं. ती वाद घालत बसली नाही. उदबत्तीचं भांडं जागचं हलवायचं नसतं. या घरात आल्यापासून तिनं ते कधी विचारल्याशिवाय पुसलंही नव्हतं. तिनं तीनदा जमिनीला कपाळ टेकलं. "बाबा, आजोबा, क्षमा करा. उरलेलं जेवण होडीत घ्या. जन्मभर होडीतच तर जेवलात." आणि जळत्या उदबत्तीसकट भांडं उचललं.

"अगं, पूर्वजांना कुठे नेतेस!" सासूबाई ओरडत तिच्या मागे धावल्या. थोआला तेच हवं होतं. खुयेननं ताटं उचलली, धाकटीनं म्हातारीचा दंड धरला.

"भात सांडू नका गं!" म्हातारीचा दरारा तेवढ्यातही सुटला नाही.

सगळ्या होडीत आल्या, पण मला टेकायला तळ नव्हता. थोआनं मला घराच्याच खांबाला लावलं आणि सगळा जीव एकवटून होडी रेटली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा रेटा. मधल्या पेराला मी तडकलो.

नदीच्या मध्यावर होडी पोचली. स्वयंपाकघर आधी गेलं. आवाज फारसा नाही, कुणी पंक्तीतलं ताट मागे सरकवावं तसं. मग देव्हाऱ्याची भिंत. उदबत्तीची शेवटची राख भांड्यात पडली. सासूबाईंनी हात जोडले. "जेवण झालं त्यांचं," त्या म्हणाल्या, आणि मग थोआच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

आता त्या दोघी आतल्या गावात, नणंदेकडे राहतात. मी तडकलेला, होडीच्या कामाचा नाही. थोआनं मला काठावर रोवून लाल फडकं बांधलंय, लोकांनी पुढे येऊ नये म्हणून. खालच्या अंगाला अजून तीन घरांत चुली पेटतात. "आमच्याकडे नाही हो भेगबिग काही," म्हणतात ती माणसं, आणि माझ्याच फडक्याला हात पुसतात.

आज सकाळी नवी भेग माझ्या मागून, गावाच्या बाजूनं गेली. म्हणजे मी आता नदीचा झालो. त्याचं दुःख नाही. कुठेतरी खाली तळ असेलच, देवावर माझा भरवसा आहे. एवढंच मागणं आहे. मला उपटून न्यायला कुणी इथे येऊ नका. तेवढ्या वेळात त्या तीन दारांवर थाप मारा. ताटं वाढलेली असली तरी उठवा त्यांना.