सहावी पोस्ट

दिवाळीनंतरच्या मंगळवारी चंद्रभान भोयर अल्लीपूरच्या घरातून अनवाणीच बाहेर पडले आणि परतलेच नाहीत. वय एकाहत्तर. दोन वर्षांपासून त्यांना काही आठवत नसे. बायकोलाच, आनंदाबाईला, ते "तू कोनाची वो?" असं विचारत. पोलिसांत तक्रार झाली. मुलगा कैलास मोटारसायकलवर आठवडाभर फिरला आणि कापूस वेचणीला आल्यावर थांबला. मुलगी अपेक्षा सेवाग्रामला दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. तिनं रजा टाकली आणि सायकल काढली.

"गाडीवर आपन भुर्रकन निघून जातो, दादा," ती म्हणाली. "बाबा पायी गेले. मले पांदनीच्या कच्च्या वाटेनं हळूहळू जा लागते."

आत्याचं घर आर्वीकडे. बाबा कदाचित बहिणीकडे निघाले असतील, म्हणून तिनं देवळी, पुलगाव अशी वाट धरली. गावागावांत थांबायचं, पारावर, पिठाच्या गिरणीवर विचारायचं आणि संध्याकाळी मुक्कामी पोचलं की फेसबुकवर लिहायचं. आधी बाबांचा फोटो, मग अंगावरचे कपडे, शेवटी आपला नंबर. पहिल्या पाच पोस्ट दीड-दोनशे लोकांनी पाहिल्या. फोन आले ते दोनच, दोन्ही चुकीचे.

सहाव्या दिवशी एका शेतात कापूस वेचणाऱ्या बायांनी तिला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसवून भाकर खाऊ घातली. त्यातल्या एकीचा बापही असाच हरवला होता, सतरा वर्षांपूर्वी. तिनं अजून त्याचं श्राद्ध घातलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी अपेक्षा बराच वेळ लिहीत बसली. त्या बाईबद्दल, अनवाणी बापाबद्दल, आपल्या सोललेल्या तळहातांबद्दल. लिहिताना, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, तिला हलकं वाटलं. खाली फोटो लावला तो सायकलीसोबतचा, त्या बायांनी काढलेला. बाबांचा फोटो आणि नंबर आधीच्या पोस्टमध्ये होताच. पुन्हा टाकला तर लिहिलेलं बिघडेल, असं तिला वाटलं.

ती पोस्ट हजारो लोकांनी पुढे पाठवली. 'ताई, रडवलंत.' 'पुस्तक लिहा.' 'सायकल कोणती?' अपेक्षा चढावर थांबून थांबून कमेंट वाचायची, उत्तरं द्यायची. सगळ्या वाचून होईनात.

पोस्ट टाकल्याच्या चौथ्या दिवशी, आर्वीला आत्याच्या ओसरीवर, तिला एक कमेंट दिसली. लिहिणारीचं नाव सपना. 'ताई, जामले आमच्या हॉटेलसमोर एक आजोबा बसून राह्यतात. पायात चप्पल नाई. तुमचा फोटो दाखवला तं अपू म्हनते. नंबर द्या ताई.' कमेंट तीन दिवसांपूर्वीची होती. सपनानं मेसेजही केला होता. तो अनोळखी लोकांच्या मेसेजमध्ये पडून होता.

अल्लीपूरहून जामला जायला कैलासला तास लागला नसता.

अपेक्षानं मेसेज करून नंबर मागितला, फोन लावला. "काल सकाळपर्यंत होते वो ताई," सपना म्हणाली.

सायकल आत्याकडे टाकून ती एसटीनं निघाली. हॉटेल म्हणजे हायवेच्या कडेला चार बाकं आणि एक भट्टी. सपनाची सासू शोभाबाई बाहेर आली.

"दोन दिवस मीच जेवू घातलं त्याईले," ती म्हणाली. "तुहा फोटो पाहून लेकरासारखे हासले. माही अपू येऊन राह्यली म्हने. सारखे रस्त्याकडेच पाहेत. आम्ही तुह्या फोनची वाट पाह्यली, बाई. काल मी भट्टी पेटवत होती, तेवढ्यात उठून गेले."

"कुठी गेले, मावशी?"

शोभाबाईनं हिंगणघाटच्या बाजूला हात केला.

तिनं वाटेतून कळवल्यावर कैलासही आला. दोघं रस्त्यानं विचारत गेले. दुपारी एका ढाब्यावर कळलं, काल सकाळी, किती वाजता ते कुणाला नक्की माहीत नव्हतं, एका म्हाताऱ्याला गाडीनं उडवलं. गाडी थांबली नाही. सरकारी दवाखान्याच्या शवागारात कैलास एकटाच आत गेला आणि भिंतीला धरून बाहेर आला.

तेरवी झाल्यावर पाहुणे पांगले. फोनवर लोक अजून लिहीत होते, 'बाबा सापडले का?' अपेक्षानं उत्तर दिलं नाही. माजघरात आई तूर निवडत बसली होती. अपेक्षानं तिला सगळं सांगितलं. कमेंट कधी आली ते, नंबर का टाकला नाही तेही.

आनंदाबाईचे हात सुपात थांबले.

"फोटोत तुले ओळखलं त्याईनं?"

"हो."

"अन् माहं नाव काहाडलं का?"

अपेक्षानं शोभाबाईला तेही विचारलं होतं.

"नाई, आई."

आनंदाबाईनं सूप बाजूला सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून फरशीवरच आडवी झाली. अपेक्षा तिच्या पाठीशी बसून राहिली. तिला हात लावायची हिंमत झाली नाही.