टेप चालू असताना

माझं वाटोळं लेलंड ट्रॉक्सेलने केलं. नाव आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्हीही बाकीच्यांसारखे मान हलवत म्हणाल, 'काय करणार, अपघात तो अपघात.'

मी हॉर्नबीम व्हॅली रेल्वेचा लाकडी डबा बोलतोय. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, गिरणीच्या गावापासून खाणीच्या गावापर्यंत धावणारी आमची एवढीशी लाईन. माझा पुढचा अर्धा भाग माणसांचा आणि मागचा दुधाच्या कॅनांचा. आत चेरीच्या लाकडाच्या भिंती, हिरव्या मखमलीची बाकं आणि कोपऱ्यात कोळशाची शेगडी. हिवाळ्यात बायका शेगडीवर मोजे वाळवायच्या. ओल्या लोकरीचा आणि ताज्या दुधाचा वास म्हणजे माझं बालपण.

मग खोऱ्यातून डांबरी रस्ता गेला. माझ्याच बाकांवर बसून ज्यांनी पोरींना मागण्या घातल्या होत्या, त्यांनी मोटारी घेतल्या आणि मागे वळूनही पाहिलं नाही. कंपनीने मला गिरणीमागच्या रुळावर ढकललं, आत फावडी आणि चुन्याची पोती भरली. छप्पर गळायला लागलं. तीच माणसं म्हातारी झाल्यावर माझ्यासमोर उभी राहून डोळे पुसायची. 'काय दिवस होते!' दिवस होते ना? मग तिकीट का नाही काढलं तेव्हा?

मला परत माणसांत आणलं ते मर्ल फेसलरने. मर्ल आमच्या गाडीचा कंडक्टर. एका वसंतात तो बायकोला, व्हेस्टाला, घेऊन आला. तिने दार उघडलं, पोती पाहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"मर्ल, तू मला फिरायला नेतो म्हणालास."

"हे फिरणंच आहे की. चाकं आहेत त्याला."

"चाकं तुझ्या डोक्याला आहेत."

पण दुसऱ्या रविवारी, चर्च सुटल्यावर, बादली घेऊन ती मर्लच्या आधी हजर होती. दोघांनी मला अख्खा उन्हाळा घासलं. मखमल फाटली होती तिथे व्हेस्टाने स्वतःच्या जुन्या पडद्यांची ठिगळं लावली. संध्याकाळी दोघं माझ्या पायरीवर बसून ॲपल पाय खायची. मर्ल माझ्या भिंतीवर थोपटून म्हणायचा, "काय म्हाताऱ्या, बरं वाटतंय?" वाटायचं. खूप बरं वाटायचं.

आणि मग जुन्या रेल्वेचे शौकीन आले.

ऑक्टोबरात डोंगर लाल-पिवळे झाले की कंपनी मालगाड्या थांबवून जुनं वाफेचं इंजिन बाहेर काढायची. मागे तीन डबे, शेवटचा मी. शहरांतून माणसं यायची, बहुतेक सगळी वयस्कर, गळ्यात दोन-दोन कॅमेरे. माझी चाकं कुठल्या साली बदलली हे त्यांना पाठ. मर्लचं नाव मात्र एकालाही ठाऊक नाही. "ए कंडक्टर, इकडे बघ." झालं. एकाने माझ्या दिव्याचा हूक पिळून काढला आणि कोटाच्या खिशात घातला. आठवण म्हणून! वर, गाडीत सँडविच विकणाऱ्या व्हेस्टाला म्हणाला, "बाई, तुमच्या सँडविचात हॅम जरा कमीच आहे हो."

या मंडळींची एक रीत होती. वाटेत चांगलं वळण आलं की सगळ्यांनी खाली उतरायचं आणि कुरणात ओळीने उभं राहायचं. रिकामी गाडी वळणाआड मागे जायची आणि मग भरपूर धूर सोडत दणक्यात त्यांच्यासमोरून पुढे यायची. फोटो काढायचे, आवाज टेपवर घ्यायचा. त्या वेळी कुणी बोलायचं नाही, खोकायचंही नाही. गाडी निघून गेली तरी डोंगरातला आवाज पुरता विरेपर्यंत गप्प. त्यांच्या क्लबच्या अध्यक्षाने वर केलेला हात खाली घेतला की मगच श्वास सोडायचा.

अध्यक्ष म्हणजे ट्रॉक्सेल. निवृत्त हेडमास्तर; आधी आमच्याच गावच्या शाळेत, आता शहरात. गळ्यात टेपरेकॉर्डर, चेहऱ्यावर अख्ख्या जगाला शाळेत बसवल्याचा भाव.

त्या दिवशी पहिली फेरी झाली. ऊन नव्हतं. दुसरी झाली. मध्येच कुणाची लाल टोपी आली.

"पुन्हा!" ट्रॉक्सेल म्हणाला. "आणि कंडक्टर, तू शेवटच्या डब्याच्या पायरीवर उभा राहा. टोपी नीट कर. हसरा चेहरा. जुन्या काळासारखं."

मर्लला रीत वेगळी ठाऊक होती. गाडी थांबली की तो खाली उतरायचा, माझ्या चाकांपाशी वाकायचा आणि आसाच्या तेलाच्या पेटीवर हाताची मागची बाजू टेकवायचा. तापली असेल तर तेल घालायचा. त्या दिवशीही तो उतरायला लागला.

"उतरू नकोस!" ट्रॉक्सेल ओरडला. "ऊन आलंय. जागा सोडू नकोस!"

"साहेब, एकदा पेट्या बघतो."

"नंतर बघ. पेट्या कुठे पळून जातात का?"

शंभर माणसं हसली. मर्लही हसला आणि पायरीवरच थांबला. शंभर जण आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर म्हाताऱ्या माणसाला काय होतं, ते मी पाहिलंय. त्याने टोपी सरळ केली. मला त्याचा रागही आला आणि कीवही.

माझ्या मागच्या पेटीतला, आसाला तेल पाजणारा कापसाचा बोळा कोरडा पडला होता. आधी चटका, मग जळकं तेल, मग आग. मला तोंड असतं तर खोरं दणाणून सोडलं असतं.

गाडी वळणावरून आली. इंजिनाच्या धुराकडे बघणाऱ्यांना माझ्या चाकातला धूर कशाला दिसेल? काहींना दिसला. त्यांनी फोटो काढला. व्हेस्टा ओळीच्या टोकाला उभी होती, हातात सँडविचची टोपली. तिने ज्वाळा पाहिली. वर पायरीवर नवरा, हात लांब केला तर लागेल इतका जवळ, तिच्याकडे बघून हसत होता. त्याच्या डोक्यावरच गाडी थांबवायची दोरी होती. व्हेस्टाने तोंड उघडलं.

ट्रॉक्सेलने तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. दुसरा हात वर तसाच.

व्हेस्टा त्याच्याच शाळेत शिकली होती. तिने तोंड मिटलं.

मी तिला दोष देत नाही. बोट दाखवून पोरांना गप्प करायला ज्यांनी आयुष्य घालवलं, त्यांना देतो. शंभर मोठी माणसं जळतं चाक डोळ्यांनी बघत उभी राहिली. कशासाठी? एका टेपसाठी!

हात खाली आला तेव्हा मी पुढच्या वळणात होतो. आस तुटला. मी ओढ्याच्या बाजूला कलंडलो आणि मर्ल माझ्याखाली सापडला. ज्याने मला घासून-पुसून माणसांत आणलं, त्याच्यावरच मी पडलो. मग व्हेस्टा ओरडली. सगळ्यांना ऐकू गेलं.

दवाखान्यात ट्रॉक्सेल फुलं घेऊन आला होता, असं मर्लनेच मला सांगितलं. ट्रॉक्सेल व्हेस्टाला म्हणाला म्हणे, "मॅडम, टेपवर तुमची किंकाळी आलीय. पण त्याआधीचा आवाज फार स्वच्छ आहे. एक प्रत पाठवू का?"

"मिस्टर ट्रॉक्सेल," व्हेस्टा म्हणाली, "दार तुमच्या मागे आहे."

आता मी फेसलरांच्या परसात, सफरचंदाच्या झाडांखाली, विटांवर बसलोय. मर्ल कुबड्या टेकत येतो आणि बाकावर बसून पेपर वाचतो. व्हेस्टा हल्ली फार मोठ्याने बोलते. दूध उतू गेलं तरी ओरडते, शेजाऱ्याची गाय कुंपणाशी आली तरी ओरडते. परवा पाद्री बोलत असताना भर चर्चमध्ये ओरडली, "पडदा मेणबत्तीला लागतोय!" लागत नव्हता. लोकांनी वळून पाहिलं. मर्लने तिचा हात धरला आणि म्हणाला, "ओरड गं. मी ऐकतोय."

तुम्हीही ओरडा. समोर हेडमास्तर असो, नाहीतर कुणाचा बाप असो. त्यांची टेप खराब झाली तर होऊ दे.

मर्लचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. माझी चाकं भंगारात गेली. कंपनीने ऑक्टोबरातली ती माणसांची गाडीही कायमची बंद केली.