दुसऱ्या पक्षाचं चर्च

सुमंतनं गाडी चर्चसमोर नाही, रस्त्याच्या पलीकडे लावली. बाजूच्या सीटवरच्या त्याच्या म्हाताऱ्या शेजाऱ्यानं, हाकोबनंच तसं बजावलं होतं.

"इथून दिसतं तेवढं पुरे," हाकोब म्हणाला. त्यानं कोटाच्या खिशातून एक बारीक मेणबत्ती काढली. "तू लाव. तुला पक्ष नाही."

आत शवपेटीत हाकोबची थोरली बहीण अराक्सी शेवटची निजली होती. अमेरिकेतल्या या वॉटरटाउनच्या आर्मेनियन लोकांत पक्ष दोन, म्हणून चर्चंही दोन. हाकोबचे वडील उदारमतवादी पक्षाचे, अगदी कट्टर. अराक्सीनं दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तेव्हा त्यांनी घरातल्या सगळ्यांकडून शब्द घेतला, आपल्यातलं कुणी त्या चर्चची पायरी चढायची नाही. त्याला अडुसष्ट वर्षं झाली. वडील गेले, पक्षाच्या हॉलमध्ये दातांचा दवाखाना आला, गावात त्या पक्षाचा म्हणावा असा हाकोब एकटा उरला. पण बापाला दिलेला शब्द म्हणजे शब्द. उदारमतवादी म्हणवणाऱ्यांनी एवढं ताणावं, याचं सुमंतला एरवी हसू यायचं. आज आलं नाही.

त्यानं आत जाऊन दाराजवळच्या वाळूत मेणबत्ती खोचली. अराक्सीची मुलगी नायरी पुढे आली.

"मामानं पाठवलं ना तुम्हाला? गाडी दिसली मला."

तिनं एक जाडजूड फाइल त्याच्या हातात ठेवली. हाकोबनं साप्ताहिकात लिहिलेला पक्षाचा इतिहास होता तो, चाळीसच्या चाळीस लेख कापून डकवलेले.

"आई मैत्रिणीकडून अंक मागून आणायची. घरात कुणाला कळू द्यायची नाही."

गाडीत हाकोब पानं उलटत राहिला. "मला वाटायचं, हे कुणी वाचतच नाही."

एका पानाशी तो थांबला. कडेला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. सुमंतला ती लिपी येत नव्हती. हाकोबनं चष्मा काढून टायला पुसला, पुन्हा लावला.

"हॉलच्या उद्घाटनाला बाबा पहिल्या रांगेत होते, असं मी लिहिलंय. जन्मभर सांगत आलो. अराक्सी म्हणते, 'चूक. बाबा गेलेच नव्हते. मला ताप होता, ते दिवसभर माझ्या उशाशी होते.'"

हाकोबनं फाइल मिटली, मांडीवर नीट ठेवली आणि समोर बघत बसला. मग त्यानं सीटचा पट्टा सोडला.

"त्या पायऱ्यांना कठडा कुठल्या बाजूला आहे?" त्यानं विचारलं.