कागदातून मान वर काढा!

मी रेडिओच्या स्टुडिओतला माईक बोलतोय. दचकलात ना? खरं तर माझा धंदा ऐकण्याचा. पण गेल्या बुधवारी जे कानावर पडलं, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही, म्हणून आज मीच तोंड उघडलंय.

मी इथे नवाकोरा आलो तेव्हा माझ्यासमोर बुवा बसत. मुलाखत घेण्यात वस्ताद माणूस! आधी पाहुण्याला सकाळी काय खाल्लं ते विचारायचे. आवाजाचा अंदाज यायचा आणि माणूसही सैलावायचा. मग एक छोटासा प्रश्न, आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप. "पुढचा प्रश्न उत्तरातच असतो," असं ते म्हणत.

बुवा निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत त्यांची भाची आली. पोरगी हुशार, पण वीस प्रश्न कागदावर लिहून आणायची आणि एकेकावर खूण करत सुटायची. पेनाची ती करकर फक्त मला ऐकू यायची.

बुधवारी आगीच्या बंबावरचे एक निवृत्त जवान आले होते. गोदामाच्या आगीतून एका मुलीला वाचवल्याबद्दल त्यांना पदक मिळालेलं. त्याच आगीत त्यांचा बंबावरचा जोडीदार गेला. तो पळताना जिन्यात पडून मेला, असंच लोक वीस वर्षं म्हणत आले. कार्यक्रम थेट चालू होता.

"काका, पदक मिळालं तेव्हा काय वाटलं?"

काका माझ्याजवळ सरकले. "लाज वाटली, पोरी. पळत होतो तो मी. त्याने वरून मुलगी आणली, जिन्यात माझ्या हातात दिली आणि आणखी कोणी आहे का बघायला परत वर गेला."

मी गारच पडलो! आणि भाची? खूण करून म्हणाली, "अरे वा! आणि तुमचे छंद कोणते?"

अगं, कान आहेत की भोकं? काकांचा श्वास अडकलेला मी ऐकला. "बागकाम," ते पुटपुटले. बाईसाहेबांनी गुलाबांवर आणखी तीन प्रश्न विचारले!

तेवढ्यात काचेपलीकडून तंत्रज्ञाने थाप मारली आणि आलेला फोन जोडून दिला.

"भावजी, मी बोलतेय," एका बाईचा कापरा आवाज आला. जोडीदाराची बायको! "मघाचं परत सांगा ना. मुलगा बाहेर होता, त्याने ऐकलं नाही. आता बसवलंय त्याला रेडिओपाशी."

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने कागद पालथा घातला आणि पहिल्यांदाच बुवांसारखी गप्प राहिली. मग काकांनी घसा खाकरला.

"बाळा, ऐक. तुझा बाप पळाला नव्हता."

आता माझ्या जाळीला पोचे पडलेत, आवाजही खरखरतो. लवकरच मला काढतील. माझ्या जागी येणाऱ्या माईकसमोर बसणाऱ्यांनो, प्रश्न खुशाल लिहून आणा, पण माणूस बोलू लागला की त्याच्याकडे बघा. तो फोन आला नसता, तर त्या मुलाच्या वाट्याला फक्त गुलाब आले असते.